कुलेली लष्करी शाळेची सनावळी नेमकी कशी लावायची?

लष्करकर_ग्वाल्हेर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. इथे ग्वाल्हेरला मराठी मंडळात 'जुन्या शाळा, जुन्या वास्तू' अशी व्याख्यानमाला ठरली आहे. किल्ल्यावरच्या सरदार्स स्कूलवर, म्हणजे आजच्या सिंधिया स्कूलवर, एक व्याख्यान आहे आणि त्याला जोड म्हणून परदेशातली एक लष्करी शाळा घ्यायची आहे. त्यासाठी इस्तंबूलची कुलेली निवडली. वेळ ४० मिनिटं.

अडचण अशी की सन जुळत नाहीत. स्थापना कुठे १८४५ दिली आहे, कुठे १८७२, तर कुठे १९२५. १८५९ च्या सुलतानाविरुद्धच्या कटाला 'कुलेली प्रकरण' म्हणतात, मग तो कट शाळेतल्या मुलांनी केला का? क्रिमियन युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल इथल्याच इस्पितळात होती असंही एके ठिकाणी वाचलं. तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क इथलेच विद्यार्थी, असं तर सर्रास लिहिलेलं दिसतं. शिवाय तुर्की टिपणांत कधी हिजरी सन येतो, कधी रूमी, आणि बेरीज कशी करायची याचा मेळ बसत नाही. २०१६ ला नेमकं काय काय बंद झालं, हेही बातम्यांतून स्पष्ट होत नाही.

व्याख्यानाला निवृत्त फौजी मंडळी बरीच असतात, तेव्हा चुकीचा सन खपणार नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

---

दप्तरखाना

तुमचे अर्धे प्रश्न एकाच कारणाने उभे राहिले आहेत. 'कुलेली' या एका नावाखाली तीन गोष्टी दडल्या आहेत: शाळा, इमारत आणि शाळेचं नाव. तिघांचा इतिहास वेगळा आहे. कागदावर तीन उभे रकाने आखा आणि मिळेल तो सन आधी कुठल्या रकान्यातला हे ठरवा, मगच लिहा. हे न करता एकच ओळ लावली की गोंधळ होणारच.

शाळेच्या रकान्यात पहिली नोंद २१ सप्टेंबर १८४५. उस्मानी (ऑटोमन) सुलतान अब्दुलमजीदच्या कारकिर्दीत 'मेक्तेब-इ फुनून-इ इदादिये' या नावाने ती सुरू झाली, तीही कुलेलीत नव्हे, तर बॉस्फरसच्या युरोपीय बाजूला माच्काच्या बराकीत. आज ती इमारत इस्तंबूल तंत्र विद्यापीठाकडे आहे. हार्बिये, म्हणजे अधिकारी घडवणारी शाळा, १८३४ पासून होती. पण तिथे येणाऱ्या मुलांचं गणित, भूमिती, भाषा कच्ची असायची. हार्बियेचे पहिले वर्ग पायाभरणीतच जाऊ नयेत म्हणून खालची तयारीची शाळा काढली, ती ही. मागणी वरून आली आणि शाळा खाली उघडली, हे कारण व्याख्यानात जरूर सांगा. त्याशिवाय १८४५ हा नुसता आकडा राहतो.

इमारतीचा रकाना याहून जुना. चेंगेलकॉयला, आशियाई काठावर, पाण्याला लागून घोडदळाची बराक होती. १८५४-५६ च्या क्रिमियन युद्धात ती ब्रिटिश जखमींसाठी इस्पितळ म्हणून वापरली. सप्टेंबर १८५९ मध्ये अब्दुलमजीदविरुद्धचा कट उघडकीस आला आणि पकडलेल्यांना याच बराकीत ठेवून त्यांची चौकशी झाली. 'कुलेली प्रकरण' हे नाव त्यावरून पडलं. कटाचा म्होरक्या सुलेमानियाचा शेख अहमद होता. शाळेचा या कटाशी संबंध नाही, कारण तेव्हा शाळा तिथे नव्हतीच. ती या बराकीत आली १८७२ मध्ये, आणि तेव्हाच तिला 'कुलेली इदादी' (इदादी म्हणजे तयारीची शाळा) हे नाव मिळालं. कुलेली म्हणजे बुरूजवाली. नाव इमारतीचं, ते शाळेला चिकटलं.

१९२५ हा तिसऱ्या रकान्यातला सन. ३ मार्च १९२४ च्या कायद्याने प्रजासत्ताकाने सगळं शिक्षण एका छत्राखाली आणलं, तेव्हा लष्करी इदादी शाळाही शिक्षण खात्याकडे गेल्या आणि कुलेली काही काळ नागरी शाळा झाली. १९२५ ला ती परत लष्कराकडे आली आणि 'कुलेली आस्केरी लिसेसी' हे आपल्याला माहीत असलेलं नाव रूढ झालं. तेव्हा १८४५ संस्थेचा, १८७२ जागेचा, १९२५ शेवटच्या नावाचा. तिन्ही सन बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

तुमच्या श्रोत्यांना हे पटकन कळेल. ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी १८८६ ला शिंद्यांना परत केला, शाळा निघाली १८९७ ला, आणि किल्ल्यावर ती भरते इंग्रज फौजेच्या जुन्या बराकींत. बराकीचं वय शाळेला लावायचं नाही, हे तिथे कुणी विचारतसुद्धा नाही.

इमारत आणि शाळा पुढेही वारंवार वेगळ्या झाल्या, ते प्रसंग टिपून ठेवा. १८७७-७८ च्या रशियन युद्धात इमारत इस्पितळ झाली, मुलं बाहेर. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धात पुन्हा तेच. पहिल्या महायुद्धानंतर इस्तंबूल दोस्त फौजांच्या ताब्यात असताना शाळेला इमारत सोडावी लागली आणि तिथे अर्मेनियन अनाथ मुलांना ठेवलं. तुर्की फौज ६ ऑक्टोबर १९२३ ला शहरात शिरली, त्यानंतर इमारत शाळेला परत मिळाली. १९४१ च्या वसंतात जर्मन फौजा ग्रीसमध्ये उतरल्या आणि इस्तंबूलपासून सरहद्द जवळ, म्हणून मे १९४१ मध्ये शाळा थेट अनातोलियाच्या पठारावर कोन्याला हलवली. परत आली १९४७ ला. म्हणजे १९४१ ते ४७ या काळात जे शिकले ते कुलेलीचे विद्यार्थी खरे, पण शाळेची वर्षं त्यांनी बॉस्फरसच्या काठावर काढलेली नाहीत. एखाद्या सेनाधिकाऱ्याच्या चरित्रात 'कुलेलीत शिकला' असं दिसलं की सन पाहून जागा ठरवा.

---

मोडीवाचक_बडोदे

सनांच्या बेरजेचं मी सांगतो. मोडी कागद वाचणाऱ्याला हे अवघड जाणार नाही, कारण गाठ तीच आहे. आपला शुहूर सन आणि फसली सन हिजरीतून निघाले, पण चालतात सूर्याच्या गतीने. उस्मानी रूमी सन तसाच. आकडा हिजरीचा घेतला, वर्ष मात्र ज्युलियन पंचांगाचं ठेवलं, कारण सारा वसुली पिकावर असते आणि चांद्र वर्ष पिकाच्या मागेपुढे सरकत राहतं. १८४० पासून, म्हणजे रूमी १२५६ पासून, सरकारी हिशेबात हाच सन चालू झाला.

रूमी तारीख इसवीत आणायची रीत अशी. वर्ष १ मार्चला सुरू होतं. मार्च ते डिसेंबरमधली तारीख असेल तर सनात ५८४ मिळवा, जानेवारी-फेब्रुवारीची असेल तर ५८५. मग दिवसांचा फरक: १९०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत १२ दिवस पुढे, त्यानंतर १३.

दोन उदाहरणं करून पाहा. अतातुर्कांचा हार्बियेतला प्रवेश १३ मार्च १८९९ चा. रूमीत ती तारीख १ मार्च १३१५. १३१५ + ५८४ = १८९९, आणि १ मार्च + १२ दिवस = १३ मार्च. म्हणजे तो रूमी वर्षाचा पहिलाच दिवस होता, आणि हे तारखेकडे नुसतं पाहून लक्षात येत नाही. दुसरं उदाहरण '३१ मार्चच्या बंडा'चं. रूमी ३१ मार्च १३२५, इसवी १३ एप्रिल १९०९. इथे १३ दिवस मिळवावे लागतात. पुस्तकात नाव 'मार्च' आणि तारीख एप्रिलची, हे पाहून लोक छापील चूक समजतात. ती चूक नाही.

सगळ्यात जास्त फसगत वर्षाच्या शेवटी होते. अतातुर्क स्टाफ कॅप्टन म्हणून बाहेर पडले ती तारीख रूमी २९ कानून-इ एव्वेल १३२०. कानून-इ एव्वेल म्हणजे डिसेंबर, म्हणून ५८४ मिळवून १९०४ येतं. पण १३ दिवस पुढे गेलं की ११ जानेवारी १९०५. आधी सन, मग दिवस, हा क्रम सोडलात तर अख्खं वर्ष चुकतं. महिन्यांच्या नावांतही सापळा आहे: तेश्रिन दोन (ऑक्टोबर, नोव्हेंबर) आणि कानून दोन (डिसेंबर, जानेवारी). 'एव्वेल' म्हणजे पहिला, 'सानी' म्हणजे दुसरा. टिपणात नुसतं 'कानून १३२०' असेल तर सन ठरवता येणार नाही, मूळ नोंद शोधावीच लागेल.

हिजरीसाठी ढोबळ सूत्र: हिजरी सन × ०.९७०२ + ६२१.६ च्या आसपास. १२६१ घातलंत तर १८४५ च्या सुरुवातीला पोचता, म्हणजे शाळेचं स्थापनावर्ष हिजरी १२६१. गंमत अशी की १८४५ च्या सप्टेंबरात रूमी सनही १२६१ च होता, तेव्हा तिथे कुठलाही धरला तरी वर्ष चुकत नाही. पुढे मात्र दोन्ही फाकत जातात. १९०९ च्या एप्रिलात रूमी १३२५, हिजरी १३२७. १९१७ च्या उन्हाळ्यात रूमी १३३३, हिजरी १३३५. जुना कागद सरळ लागला म्हणून नव्यालाही तोच हिशेब लावणं, ही नेहमीची चूक.

आणखी एक. कोनशिलेवर किंवा टिपणात नुसता हिजरी सन असेल आणि महिना नसेल, तर इसवी सन एकच लिहू नका. हिजरी १२८८ हे वर्ष मार्च १८७१ ते मार्च १८७२ असं पसरलेलं आहे. अशा वेळी '१८७१-७२' लिहायचं. एखाद्या दिवसाचा फरक तर राहणारच, कारण हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो.

१९१७ साठी वेगळी खूणगाठ बांधा. त्या वर्षी १५ फेब्रुवारी १३३२ च्या दुसऱ्या दिवशी थेट १ मार्च १३३३ धरला आणि १३ दिवसांचा फरक मिटवला. ते १३३३ वर्ष दहाच महिन्यांचं, ३१ डिसेंबरला संपलं. तिथून पुढे दिवस मिळवायचे नाहीत, फक्त ५८४ मिळवायचे. इसवी सनाचा आकडा १ जानेवारी १९२६ पासून आला.

---

लष्करकर_ग्वाल्हेर

दोघांचेही मनापासून आभार. तीन रकाने आखले आणि बहुतेक नोंदी जागेवर बसल्या. एकच शंका: तुर्की लेखांत १८७७ च्या युद्धाला '९३ चं युद्ध' म्हटलं आहे. हिजरीने मला १२९४ मिळतात. कुठे चुकतंय?

---

मोडीवाचक_बडोदे

काही चुकत नाही, फक्त तो ९३ रूमी आहे. युद्ध पुकारलं २४ एप्रिल १८७७ ला. १२ दिवस मागे जा, म्हणजे १२ एप्रिल, आणि १८७७ उणे ५८४ म्हणजे १२९३. हिजरी त्या दिवशी १२९४ च होता. लोकांच्या तोंडी सरकारी सनच बसला.

---

महू_फाटा (इंदूर)

अतातुर्कांचं आणि २०१६ चं राहिलं आहे, ते घेतो.

अतातुर्क कुलेलीचे नव्हेत. सेलानिकच्या (आजचं ग्रीसमधलं थेस्सलोनिकी) लष्करी रुश्दियेनंतर, म्हणजे इदादीच्या खालच्या शाळेनंतर, ते १८९६ मध्ये मनास्तिरच्या लष्करी इदादीत गेले. मनास्तिर म्हणजे आजच्या उत्तर मॅसिडोनियातलं बितोला. ती इमारत आता संग्रहालय आहे आणि त्यात त्यांच्या नावाचं दालन आहे. तिथून हार्बिये. एन्व्हर पाशाही मनास्तिरचेच. कुलेलीचं नाव घ्यायचं तर जेमाल पाशा (१८९० ला बाहेर पडले), काझिम काराबेकिर, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेमाल ग्युर्सेल व जेव्देत सुनाय यांचं घ्या.

गैरसमजाचं मूळ असं की लोक इदादी ही एकच शाळा समजतात. ती पायरी होती, आणि त्या पायरीवर साम्राज्यभर अनेक शाळा होत्या: मनास्तिर, एदिर्ने, बुर्सा, दमास्कस, बगदाद वगैरे. खाली रुश्दिये, मग इदादी तीन वर्षं, मग हार्बिये तीन वर्षं, आणि निवडक मुलांना स्टाफचं शिक्षण आणखी तीन वर्षं. अतातुर्कांचे सन या शिडीवर चढवून पाहा: १८९६, १८९९, १९०२, १९०५. दर तीन वर्षांनी एक पायरी. श्रोत्यांना फळ्यावर एवढंच काढून दाखवलंत तरी अख्खी रचना कळेल. १८८३ पासून जर्मन अधिकारी फॉन डेर गोल्ट्झ यांच्याकडे लष्करी शाळांची देखरेख आली आणि अभ्यासक्रमावर प्रशियन पद्धतीचा ठसा उमटला, तोही याच शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर जास्त.

आता २०१६. १५ जुलैच्या फसलेल्या उठावानंतर ३१ जुलैला ६६९ क्रमांकाचा आणीबाणीचा अध्यादेश निघाला. त्याने लष्करी माध्यमिक शाळा बंद केल्या: इस्तंबूलची कुलेली, इझमीरची माल्तेपे, हवाई दलाकडची बुर्साची ईशिक्लार आणि हेबेलीआदा बेटावरची नौदलाची शाळा. जवान-अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्याकडच्या जेसीओ-एनसीओसारख्या हुद्द्यांना, तयार करणाऱ्या शाळा आणि स्टाफ कॉलेजच्या दर्जाच्या युद्ध अकादमीही गेल्या. पण भूदल, नौदल आणि हवाई दलाच्या हार्प ओकुलू, म्हणजे आपल्या आयएमएसारख्या संस्था, बंद झाल्या नाहीत. त्या नव्या राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठाखाली आल्या. इंग्रजी बातम्यांनी या सगळ्यालाच 'मिलिटरी अकादमी बंद' म्हटलं, म्हणून तुम्हाला चित्र धूसर दिसतं. शाळेतली मुलं नागरी शाळांत वर्ग केली. आता हार्प ओकुलूला कुठल्याही शाळेतून बारावीच्या दर्जाचं शिक्षण पुरं करून परीक्षा देऊन जाता येतं.

माझ्या मते खरा बदल इथे आहे. तुर्कस्तानात कॅडेटांचा राजकीय उठावात हात असणं १९६३ लाही घडलं होतं. त्या वर्षीच्या मे महिन्यात तलात आयदेमिरच्या दुसऱ्या उठावात अंकाराच्या हार्बियेचे, म्हणजे भूदलाच्या हार्प ओकुलूचे, विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि १,४५९ जणांना काढून टाकलं. पण तेव्हा मुलं काढली, संस्था ठेवली. २०१६ ला चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना वेगळं काढून लष्करी वातावरणात वाढवायची १८४५ पासूनची पद्धतच मोडली. कुलेलीचा शेवट सांगताना इथे पाच मिनिटं जास्त द्या.

तुलना करताना एक पथ्य पाळा. कुलेलीला 'तुर्कस्तानची सैनिक स्कूल' म्हणू नका. साताऱ्याची पहिली सैनिक स्कूल १९६१ ची. ती मुलांना एनडीएसाठी तयार करते, पण मुलगा बारावीनंतर इंजिनिअर झाला तरी चालतं. डेहराडूनची आरआयएमसी, म्हणजे राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज (१९२२), त्यातल्या त्यात जवळची. कुलेलीतला मुलगा गणवेशातला, लष्कराच्या शिस्तीखालचा, आणि त्याची पुढची वाट हार्प ओकुलूकडेच जाणारी. तुमच्याकडची सरदार्स स्कूल तर मुळात सरदारांच्या मुलांना शिक्षण द्यायला निघाली, फौजेची भरती करायला नाही. हा फरक आधी सांगितला नाही तर महूकडून आलेला एखादा कर्नल मध्येच हात वर करेल.

---

दप्तरखाना

नाइटिंगेलचं माझ्याकडून राहिलं होतं. ती होती उस्कुदारच्या सेलिमिये बराकीत. उस्कुदारला इंग्रज स्कुटारी म्हणत. कुलेलीचं इस्पितळ वेगळं. तिथे मेरी स्टॅन्लीच्या तुकडीतल्या परिचारिका १८५५ च्या सुरुवातीला गेल्या. दोन्ही जागा आशियाई काठावर, दोन्ही मुळात बराकी, म्हणून मिसळ होते. ब्रिटिश कागदपत्रांत शोधताना 'कुलेली' टाकून काही मिळणार नाही. तिथे स्पेलिंग के-ओ-यू-एल-ए-एल-आय, म्हणजे 'कूलाली' असं आहे. ते टाका.

चित्रं निवडतानाही हीच काळजी घ्या. सेलिमिये हा प्रचंड चौकोन, चार कोपऱ्यांवर चार बुरूज. कुलेलीची पांढरी लांब बाजू पाण्याला समांतर आणि दोन टोकांना दोन टोकदार छपरांचे बुरूज. फोटोत पाणी अगदी पायथ्याशी नसेल आणि बुरूज दोनाहून जास्त दिसत असतील तर तो फोटो बाजूला ठेवा. नकाशावर शोधायचं तर १९७३ चा पहिला बॉस्फरस पूल धरा (२०१६ पासून त्याचं नाव '१५ जुलै शहीद पूल' आहे) आणि आशियाई काठाने उत्तरेला सरका. बेलेरबेयी मागे पडलं की चेंगेलकॉय, आणि त्याला लागूनच ही इमारत. माच्का समोरच्या किनाऱ्यावर, थोडी आत.

४० मिनिटांत सगळं कोंबू नका. नकाशा आणि दोन फोटो ५ मिनिटं, माच्का ते कुलेली १०, युद्धांत इमारत रिकामी होण्याचे प्रसंग १०, शिडी आणि विद्यार्थी ५, २०१६ ला १०. हिजरी-रूमीची बेरीज व्याख्यानात घेऊ नका, ती हातात द्यायच्या कागदावर छापा, उदाहरणांसकट. आणि त्या कागदावर प्रत्येक सनापुढे शा, इ किंवा ना एवढं एकच अक्षर लिहा: शाळा, इमारत, नाव. प्रश्नोत्तरांत तुम्हालाच त्याचा उपयोग होईल.